मिथेनपासून थेट केमिकल बनवताय? या चुका टाळा

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी एक्सेल शीट घेऊन येतं. मिथेनचं कन्व्हर्जन (किती टक्के मिथेन वापरलं गेलं) झकास, सिलेक्टिव्हिटी (त्यातलं किती हव्या त्या पदार्थात गेलं) त्याहून झकास, ग्राफ रंगीत. मी एकच विचारतो, आत गेलेल्या कार्बनपैकी बाहेर किती सापडला? मग जी उत्तरं ऐकायला मिळतात त्यांनी वैतागून हे लिहितोय.

विषय नवा असेल तर थोडक्यात. नैसर्गिक वायूतला मुख्य माल मिथेन. त्याचं मिथेनॉल वगैरे करायचं तर कारखान्यात आधी वाफेबरोबर ८०० अंशांच्या आसपास किंवा वर तापवून सिनगॅस करतात, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचं मिश्रण, आणि मग त्यातून पुढचं सगळं. हा मधला टप्पा खर्चिक आणि इंधन खाणारा, म्हणून तो गाळून डायरेक्ट जायची धडपड. त्यातल्या तीन वाटा जास्त मळलेल्या. एक, ऑक्सिजन देऊन इथेन-इथिलीन, यालाच ओसीएम (ऑक्सिडेटिव्ह कपलिंग ऑफ मिथेन) म्हणतात, १९८२ मध्ये केलर आणि भसीन यांच्या पेपरपासून लोक याच्या मागे लागले. दुसरी, ऑक्सिजनशिवाय बेंझीन, म्हणजे एमडीए (मिथेन डिहायड्रोॲरोमटायझेशन), १९९३ मध्ये चीनमधल्या दालियानच्या ग्रुपने मॉलिब्डेनम आणि झेडएसएम-५ झिओलाइट (अतिबारीक छिद्रांचा पदार्थ) यांच्या कॅटलिस्टवर, म्हणजे रिॲक्शनचा वेग वाढवणाऱ्या पदार्थावर, दाखवलं. आणि तिसरी, कमी तापमानाला थेट मिथेनॉल.

तिन्हीकडे दुखणं एकच आहे. मिथेनचा कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४३९ किलोज्यूल लागतात, आणि मिथेनॉलमधला तसाच बंध साधारण ४०० मध्ये तुटतो. म्हणजे जे बनवायचंय ते कच्च्या मालापेक्षा आधी मोडतं. त्यामुळे इथे रिझल्ट फार चांगला आला तर आधी संशय घ्यायचा, आनंद नंतर.

कार्बनचा हिशोबच नाही

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे यावर जरा जास्त बोलणार.

एक पोरगा होता, कामसू, पण घाई फार. मॉलिब्डेनम-झेडएसएम-५ वर ७०० अंशांना मिथेन सोडलं आणि संध्याकाळी धावत आला, सर, कन्व्हर्जन सोळा टक्के, बेंझीनची सिलेक्टिव्हिटी चौऱ्याण्णव. आता ज्याने या रिॲक्शनचं थर्मोडायनॅमिक्स एकदा जरी बघितलंय त्याला हे ऐकूनच खटकायला पाहिजे, कारण ७०० अंश आणि एक बार प्रेशरला बेंझीनकडे जाणारं इक्विलिब्रियम कन्व्हर्जनच, म्हणजे थर्मोडायनॅमिक्सने घातलेली कमाल मर्यादाच, सुमारे १२ टक्के आहे. कॅटलिस्ट कितीही भारी असला तरी तो इक्विलिब्रियमच्या पलीकडे नेत नाही, तिथपर्यंत लवकर पोचवतो एवढंच. मिथेन याहून जास्त संपलं असेल तर ते कोकमध्ये (कॅटलिस्टवर साचणारा काळा कार्बन) गेलंय, नाहीतर मोजण्यात घोळ आहे.

घोळ दोन निघाले. पहिला असा की फीडमध्ये (आत सोडलेल्या गॅसमध्ये) इंटर्नल स्टँडर्डच, म्हणजे रिॲक्शनमध्ये भाग न घेणारा ठरावीक प्रमाणातला गॅसच, नव्हतं. शुद्ध मिथेन आत, जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातले गॅस वेगळे करून मोजणारं यंत्र) बाहेरच्या मिथेनचे टक्के बघायचे, आणि शंभरातून वजा करायचे, झालं कन्व्हर्जन. पण सहा मिथेनचं एक बेंझीन होताना नऊ हायड्रोजन सुटतात, म्हणजे गॅसचे मोल वाढतात. करून बघा, १०० मोल मिथेन आत, त्यातल्या १० चं बेंझीन झालं. बाहेर ९० मिथेन, १.६७ बेंझीन, १५ हायड्रोजन, एकूण १०६.७. जीसीला मिथेन दिसणार ८४.४ टक्के. शीटमध्ये येणार १५.६ टक्के कन्व्हर्जन, खरं आहे १०. त्याच १० मोलचा नुसता कोक झाला असता तर २० हायड्रोजन सुटले असते आणि शीटने १८.२ दाखवलं असतं! म्हणजे कॅटलिस्ट जितका जास्त काळा होणार तितका तुमचा आकडा सुंदर होत जाणार.

दुसरा घोळ सिलेक्टिव्हिटीत. जीसीवर जी पिकं (पीक म्हणजे ग्राफवरचं टोक) दिसली त्यांची बेरीज शंभर धरायची आणि बेंझीनचा वाटा काढायचा. अरे पण जे दिसलंच नाही त्याचं काय? घरखर्चाच्या वहीत ज्यांच्या पावत्या सापडल्या तेवढेच खर्च लिहायचे आणि म्हणायचं की बाकीचे पैसे खर्चच झाले नाहीत, तसला हा प्रकार. कोक जीसीवर येत नाही. आणि नॅफ्थलीन? मी त्याला म्हटलं, चल, लाइन खोलू. रिॲक्टर ते जीसी या नळीला हीटिंग टेप गुंडाळली होती, कंट्रोलरवर २०० अंश दिसत होते, सगळं व्यवस्थित. फक्त जीसीच्या व्हॉल्व्हच्या अलीकडचं एक युनियन (नळ्यांचा जोड) उघडंच राहिलेलं, तिथे टेप पुरली नव्हती, एवढासा चार बोटांचा तुकडा. नट सैल केला तर फेरूलच्या मागे पांढरे चकचकीत पापुद्रे आणि कपाट उघडल्यासारखा डांबरगोळ्यांचा वास. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीनच. ते वितळतं ८० अंशांना, उकळतं २१८ ला, आणि थंड धातू दिसला की गॅसमधून थेट स्फटिक होऊन बसतं. त्याचा बराचसा कार्बन तिथे बसला होता आणि शीटमध्ये तो अस्तित्वातच नव्हता. नवीन हिशोबाने कन्व्हर्जन नऊच्या आसपास आलं आणि बेंझीन साठच्या घरात. वाईट नाहीये ते, या कॅटलिस्टसाठी अगदी नॉर्मल आहे. पण पोराचा चेहरा बघवत नव्हता.

तर माझी सवय अशी. फीडमध्ये पाच ते दहा टक्के नायट्रोजन टाकतो आणि कन्व्हर्जन मिथेन-नायट्रोजनच्या गुणोत्तरावरून काढतो, आधीचं गुणोत्तर, नंतरचं गुणोत्तर, मोल वाढो की घटो फरक पडत नाही. काहीजण आर्गॉन टाकतात. पण ओसीएममध्ये ऑक्सिजन असतो आणि साध्या तापमानाला जीसीच्या मॉलिक्युलर सिव्ह ५ए कॉलमवर आर्गॉन आणि ऑक्सिजन एकाच जागी येतात, मग बसा पिकं उकलत. आणि कॅरिअर गॅसच (जीसीतून नमुना वाहून नेणारा गॅस) आर्गॉन असेल तर आर्गॉनचं पीक दिसणारच नाही, हेही सांगावं लागलंय लोकांना. नळीचा प्रत्येक सेंटिमीटर, प्रत्येक युनियन, व्हॉल्व्हचं अंग, सगळं २०० च्या वर, आणि कंट्रोलरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता वेगळं थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घेऊन जागोजागी टेकवून बघतो. रन संपल्यावर पातळ केलेली हवा सोडून कोक जाळतो आणि निघणारा कार्बन डायऑक्साइड मोजतो. मग बेरीज. ९५ ते १०५ टक्क्यांत आली तर बोलायला बसू, ८० आली तर मी ग्राफ बघतच नाही. लोकांना हे जाचक वाटतं. वाटू दे.

आर्गॉन टाकून बघितलंच नाही

दुसरी लाडकी चूक कमी तापमानाच्या मिथेनॉलवाल्यांची. पाण्यात कॅटलिस्ट, वरून मिथेनचं प्रेशर, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा उजेड, आणि शेवटी एनएमआरमध्ये (रेणू ओळखायची चाचणी) मिथेनॉलचं नाजूक पीक. इथे उत्पादन मायक्रोमोलमध्ये असतं हे लक्षात घ्या. साध्या प्रेशरला आणि खोलीच्या तापमानाला लिटरभर पाण्यात मिथेन विरघळतंच जेमतेम १.४ मिलिमोल. एवढ्या थोड्या मालात बाहेरून आलेला कार्बन सहज तुमचं प्रॉडक्ट म्हणून मिरवतो.

एका मुलीचं काम असंच होतं, हात स्वच्छ, वही नीट, वेळेबरोबर मिथेनॉल वाढतंय, कॅटलिस्ट जास्त टाकला की जास्त मिळतंय, सगळं पटण्यासारखं. मी म्हटलं, मिथेनऐवजी आर्गॉन भर, बाकी काहीही बदलू नकोस. तिला ते वेळ वाया घालवणं वाटलं, स्पष्ट बोलली नाही पण तोंडावर दिसत होतं. आर्गॉनचा रन झाला. मिथेनॉल आलं. थोडं कमी, पण आलं. मिथेनचा एक रेणू आत नसताना!

मग शोधाशोध. पेरॉक्साइडमध्ये काही नाही, पाण्यात काही नाही. कॅटलिस्ट बनवताना शेवटचा वॉश इथेनॉलचा आणि सुकवलेला साध्या ओव्हनमध्ये, वर धातूचं मीठ ॲसिटेट. म्हणजे पृष्ठभागावर इथेनॉल आणि ॲसिटेट चिकटून बसलेलं, हायड्रॉक्सिल रॅडिकल (रिॲक्शनमध्ये तयार होणारे आक्रमक कण) त्याला कुरतडतात आणि त्यातून मिथेनॉल, फॉर्मिक ॲसिड असलं सगळं बाहेर येतं. कॅटलिस्ट जास्त टाकला की मिथेनॉल जास्त, हे तर आता आपोआपच समजलं. पेपर अजून पाठवला नव्हता हे नशीब.

आर्गॉन ब्लँक, म्हणजे मिथेनशिवायचा तपासणी रन, ही काही खास युक्ती नाही, एक दिवसाचं काम आहे. तरी लोक ते टाळतात कारण उत्तर काय येईल याची मनात धाकधूक असते. मी सरळ नियमच केलाय, मिथेनचा पहिला रन व्हायच्या आधी आर्गॉनचा रन. आणि जिथे दावा मोठा आहे तिथे कार्बन-१३ वालं (जड कार्बनचं) मिथेन वापरायचंच. ते महाग असतं, मान्य, म्हणून शेवटी एकदाच. खरंच मिथेनपासून आलेलं मिथेनॉल असेल तर प्रोटॉन एनएमआरमध्ये ३.३ पीपीएमच्या आसपास एकाऐवजी दोन पिकं दिसतात, मधलं अंतर साधारण १४० हर्ट्झ. मधोमध जुनं पीक तसंच उभं असेल तर ते तुमच्या वॉश बॉटलमधून आलंय. काचसामान ॲसिटोनने विसळून लगेच वापरणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा.

जाता जाता, पेरॉक्साइड वापरून मिथेनॉल बनवणाऱ्यांनी पेरॉक्साइड स्वतः मिथेनॉलपेक्षा महाग आहे हे प्रेझेंटेशनच्या शेवटच्या स्लाइडवर नाही, पहिल्या स्लाइडवर लिहावं. तीच गत नुसता यील्ड (कच्च्या मालापैकी किती हव्या पदार्थात गेला) बघणाऱ्यांची. १९९८ मध्ये पेरियाना यांच्या ग्रुपने प्लॅटिनम कॉम्प्लेक्स वापरून तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये २२० अंशांच्या आसपास ७० टक्क्यांच्या वर यील्ड दाखवला, आजही भारीच आहे तो. पण तिथे मिळतं ते मिथाइल बायसल्फेट. त्यातून मिथेनॉल काढायला पाणी घालावं लागतं, पाणी घातलं की ॲसिड पातळ, आणि पातळ ॲसिड परत तीव्र करायचा खर्च बसतो. आकडा वाचून उड्या मारणारे हा भाग वाचतच नाहीत.

फर्नेसचं तापमान म्हणजे कॅटलिस्टचं तापमान नव्हे

ओसीएमवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. मिथेनचं इथिलीन होताना मिथेनच्या मोलमागे साधारण १४० किलोज्यूल सुटतात, आणि तेच मिथेन पूर्ण जळालं तर ८०० च्या वर. म्हणजे सिलेक्टिव्हिटी थोडी घसरली की उष्णता वाढते, उष्णता वाढली की बेड, म्हणजे कॅटलिस्टचा थर, अजून तापतो. फर्नेसवर ७५० दिसतंय आणि बेडच्या मधोमध शंभर अंश जास्त, असं मी इतक्यांदा बघितलंय की आता नवल वाटत नाही. मग एकजण म्हणतो माझा कॅटलिस्ट ६५० लाच चालतो, दुसरा तोच कॅटलिस्ट क्वार्ट्झच्या चुऱ्यात मिसळून बघतो तर काहीच होत नाही, आणि दोघं एकमेकांच्या सिंथेसिसवर शंका घेत बसतात. त्यावर अजून एक गंमत म्हणजे एकदा पेटलेला बेड फर्नेस खाली आणली तरी पेटलेलाच राहतो. म्हणून तापमान वर नेताना एक डेटा आणि खाली आणताना एक डेटा, दोन्ही घ्या. दोघांत फरक आला तर तुम्ही फर्नेसच्या नाही, हॉट स्पॉटच्या तापमानावर काम करताय.

माझा उपाय साधा, बेडमध्ये थर्मोवेल (थर्मोकपल ठेवायची नळी), थर्मोकपल वरखाली सरकवता येईल असं, आणि सुरुवातीला कॅटलिस्टच्या कितीतरी पट क्वार्ट्झ किंवा सिलिकॉन कार्बाइड. थर्मोवेलही क्वार्ट्झचीच घ्या. स्टीलची टाकून वर ‘ब्लँकमध्ये पण कन्व्हर्जन येतंय सर’ म्हणणारे भेटलेत, येणारच ना, ७००-८०० अंशांना स्टीलमधलं निकेल आणि लोखंड स्वतःच मिथेन फोडून कार्बन करतं. रिकाम्या नळीचा, मग क्वार्ट्झ भरलेल्या नळीचा, असे दोन्ही ब्लँक घ्या, कारण या तापमानाला ऑक्सिजन असेल तर गॅसमध्येसुद्धा रिॲक्शन चालते. बेडच्या खाली गरम रिकामी जागा सोडू नका, कष्टाने बनवलेलं इथिलीन तिथे जळतं.

आता बाकीच्या भराभर.

कार्बनच्या हिशोबाने की मोलच्या हिशोबाने हे न लिहिता सिलेक्टिव्हिटी देऊ नका. बाहेर इथिलीन आणि कार्बन डायऑक्साइड समसमान मोल असतील तर मोलने ५० टक्के, कार्बनने ६७. एकाच टेबलात दोन्ही मिसळलेले बघितलेत मी.

एक टक्क्याखाली कन्व्हर्जन आणि ९९ टक्के सिलेक्टिव्हिटी, याला रिझल्ट म्हणत नाहीत. दोन कॅटलिस्ट तुलना करायचे तर सारख्या कन्व्हर्जनला करा, फ्लो बदलून आणा तिथे.

सिलिंडरमधलं शुद्ध मिथेन सोडून खरा नैसर्गिक वायू वापरायला लागलात की त्यातलं इथेन विसरू नका. ते मिथेनपेक्षा खूप सहज इथिलीन होतं. फीडमध्ये चार टक्के इथेन होतं आणि बाहेरचं सगळं इथिलीन मिथेनच्या नावावर जमा, असा रिपोर्ट माझ्यापुढे आलेला आहे. फीडची जीसी आधी, रिॲक्टर नंतर. शिवाय वास यावा म्हणून पाइपलाइनच्या गॅसमध्ये मर्कॅप्टनसारखी गंधकाची संयुगं मिसळलेली असतात. हायड्रोजन सल्फाइड झिंक ऑक्साइडच्या ३५०-४०० अंशांच्या बेडवर अडकतं, पण हे वासाचे पदार्थ इतके सरळ नसतात, त्यांच्यासाठी आधी हायड्रोजन देऊन कोबाल्ट-मॉलिब्डेनमवर फोडणं किंवा योग्य ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो. थंड झिंक ऑक्साइडची पुडी लावून ‘डिसल्फराइज केलं’ म्हणू नका.

जीसीच्या टीसीडीवर (गॅस उष्णता किती वाहून नेतो त्यावर चालणारा डिटेक्टर) हायड्रोजन मोजायचा आणि कॅरिअर हेलियम, हे जमत नाही, पीक बारीक येतं आणि कधीकधी उलटंसुलटं. आर्गॉन किंवा नायट्रोजन कॅरिअरवर वेगळा चॅनल ठेवा. एफआयडीला (ज्वालेत जाळून मोजणारा डिटेक्टर) कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड दिसत नाही, मेथनायझर (त्यांचं मिथेन करणारा भाग) लावल्याशिवाय. सिव्हच्या कॉलमवर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी जाऊ दिलं तर रोज रिटेन्शन टाइम (पीक यायची वेळ) सरकत जाणार, मग सॉफ्टवेअरला शिव्या देऊ नका, कॉलम भाजून घ्या.

एमडीएमध्ये पहिल्या काही मिनिटांत बेंझीनऐवजी पाणी आणि कार्बनचे ऑक्साइड येतात, घाबरू नका, मॉलिब्डेनम ऑक्साइडचं कार्बाइड होतंय. इथे कॅटलिस्ट मेला म्हणून रन बंद करणारे धीर नसलेले लोक आहेत, आणि दुसऱ्या टोकाला तोच डेटा सरासरीत घुसवणारे.

कोक जाळताना ७०० अंशांना हवा सोडू नका. मॉलिब्डेनम ऑक्साइड उडून जातं, नळीच्या थंड टोकाला पिवळसर पांढऱ्या सुया जमलेल्या दिसल्या तर तो तुमचा कॅटलिस्ट आहे. जे उरतं ते झिओलाइटमधलं ॲल्युमिनियम ओढून ॲल्युमिनियम मॉलिब्डेट करतं, मग झिओलाइटही गेला. मी ५५० च्या आत, पातळ ऑक्सिजनमध्ये, हळूहळू जाळतो, रात्रभर गेली तरी चालेल. हा वेळ वाचवायला बघणारे पुढचा आठवडा नवीन बॅच बनवण्यात घालवतात.

मँगनीज-सोडियम टंगस्टेटवाल्यांनी (हा ओसीएमचा कॅटलिस्ट) नळीकडे लक्ष ठेवा. सोडियम क्वार्ट्झला लागलं की ते आतून दुधाळ होत जातं, तापलेलं असताना टिकतं आणि थंड करताना तडकतं. दुधाळ पट्टा बेडच्या उंचीवर दिसला की नळी बदला, ‘अजून एक रन निघेल’ हे शब्द उच्चारू नका.

आणि ऑक्सिजन. हवेत मिथेन ५ ते १५ टक्क्यांत पेटतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण शुद्ध ऑक्सिजनमध्ये वरची मर्यादा ६० टक्क्यांच्या आसपास जाते आणि तापमान, प्रेशर वाढलं की अजून वर सरकते, हे कुणी बघत नाही. सुरू करताना आधी नायट्रोजन, मग मिथेन, ऑक्सिजन सगळ्यात शेवटी. बंद करताना ऑक्सिजन सगळ्यात आधी. मिथेनचा फ्लो पडला तर ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह आपोआप बंद झाला पाहिजे, त्यासाठी माणूस शेजारी बसवणं हा इंटरलॉक नाही. लाइनवर फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्वाला मागे जाऊ न देणारा), खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, आणि एक्झॉस्ट फ्युमहूडमध्ये, खिडकीबाहेर नाही. जो म्हणतो की आज फक्त पाच मिनिटांचा टेस्ट रन आहे, अलार्मची बॅटरी उद्या टाकू, त्याला मी त्या दिवशी सिलिंडरची चावी देत नाही.